बाळाचं वजन: ७ पौंड ११ औंस म्हणजे ७.११ पौंड नव्हे

रानजाई
बुधवार, रात्री ११.२०

इथे बरेच जण परदेशात आहेत आणि बऱ्याच जणांच्या घरी आजी-आजोबा फोनवरून नातवंडांचं वजन विचारत असतात, म्हणून हा धागा काढते आहे. आमची चूक आकड्यांची होती, पण तिच्यापायी मी दोन रात्री रडून काढल्या.

न्यू जर्सीत आमच्या मुलीचा जन्म झाला त्याला पाच आठवडे झाले. जन्मल्यावर नर्सने खोलीतल्या पांढऱ्या फळ्यावर लिहिलं, ७ पौंड ११ औंस. नवऱ्याने त्याच रात्री मोबाइलवर एक शीट केली. पहिला रकाना तारखेचा, दुसरा पौंडांचा, तिसरा किलोचा. किलोच्या रकान्यात सूत्र घातलं की पौंडांना ०.४५३६ ने गुणायचं. आणि पौंडांच्या रकान्यात त्याने टाकलं ७.११.

तिसऱ्या दिवशी घरी सोडताना वजन ७ पौंड ३ औंस होतं. शीटमध्ये ७.३ गेलं. दहाव्या दिवशी डॉक्टरांकडे ७ पौंड १० औंस भरलं, त्याचं ७.१० झालं आणि शीटने शेवटचं शून्य गाळून ७.१ करून टाकलं.

आता किलोचा रकाना बघा: जन्माला ३.२२५, तिसऱ्या दिवशी ३.३११, दहाव्या दिवशी ३.२२१. म्हणजे आधी वाढलं आणि मग एका आठवड्यात नव्वद ग्रॅम उतरलं!

हेच आकडे मी साताऱ्याला आईला कळवत होते. आई म्हणाली, "अगं, बाळ उतरतंय. तुझं दूध पुरत नाहीये तिला." मग अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी, सगळं सुरू झालं. दर तासाला फोन. मी डॉक्टरांना न विचारता वरचं दूध सुरू केलं. बाळ तोंड फिरवायचं आणि मला वाटायचं, आपण आई म्हणून कमी पडतोय.

तिसऱ्या रात्री तीन वाजता तिला मांडीवर घेऊन बसले होते आणि समोर घरी सोडतानाचा कागद पडला होता. त्यावर पौंड आणि औंस असे दोन वेगळे चौकोन होते. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की एका पौंडात औंस सोळा असतात, दहा नव्हे. कागदावरच गुणाकार केले. जन्माला ३.४८७ किलो, तिसऱ्या दिवशी ३.२६०, दहाव्या दिवशी ३.४५९. पहिल्या तीन दिवसांत साडेसहा टक्के उतरलं होतं, आणि पहिल्या दिवसांत तेवढं उतरतंच. नंतरच्या सात दिवसांत जवळजवळ दोनशे ग्रॅम वाढलं होतं. डॉक्टर "छान चाललंय" म्हणाले होते ते खरंच होतं. चुकत होती ती आमची शीट.

तुमच्याकडे असं काही झालंय का? आणि हा हिशेब चटकन करायची काही सोपी रीत आहे का?


हिरवीवाट
गुरुवार, पहाटे ४.०५

रानजाई, आधी बाळाला आणि तुला खूप आशीर्वाद. मी इंग्लंडमध्ये बाळंतिणींच्या विभागात परिचारिका आहे. तू लिहिलंस ते मी दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या घरात बघते.

इथे बाळाचं वजन आम्ही किलो-ग्रॅममध्येच घेतो, लंगोटसुद्धा काढून. प्रत्येक बाळाला लाल मुखपृष्ठाचं एक पुस्तक मिळतं, त्यातला वाढीचा आलेख किलोतच असतो. पण खोलीबाहेर थांबलेल्या इंग्रज आज्या पहिला प्रश्न विचारतात तो पौंडांतच, त्यामुळे आम्ही दोन्ही सांगतो. आपल्या साताऱ्या-सांगलीच्या आज्यांचंही तेच. माझी आजी शेवटपर्यंत म्हणायची, "तुझी आई सहा पौंडांची होती." तिच्या काळी दवाखान्यातले काटेच पौंडांचे होते.

मोठ्या माणसांचं इथे आणखी वेगळं. लोक स्वतःचं वजन स्टोनमध्ये सांगतात. एक स्टोन म्हणजे १४ पौंड, किलोत ६.३५. कुणी "अकरा स्टोन चार" म्हणालं की अकरा चौदे एकशे चोपन्न आणि चार, १५८ पौंड, म्हणजे ७१.७ किलो. इथेही तुझ्यासारखाच खड्डा आहे. कुणी ते ११.४ असं लिहिलं आणि पुढच्याने दशांश समजून गुणलं, तर ७२.४ किलो येतात. पाऊण किलोचा फरक नुसत्या टिंबाने पडतो. एखाद्या हृदयरोग्याला आम्ही रोज सकाळी वजन करायला सांगतो, कारण एक-दोन किलो अचानक वाढले तर अंगात पाणी साठत असण्याची शंका येते. तिथे पाऊण किलो म्हणजे थोडं नव्हे.

आणि एक. बाळाचं वजन रोज रोज करू नका. शी-शू, दूध, कपडे, यानेच पन्नास-शंभर ग्रॅम इकडचे तिकडे होतात. शक्यतो त्याच काट्यावर आणि कपडे काढून करा.


सरळमार्गी
गुरुवार, सकाळी ८.३०

त्रास झाला याचं वाईट वाटलं. पण मोबाइलवर रूपांतर करणारी शेकडो अॅप आहेत, ती का नाही वापरायची? हाताने हिशेब कशाला?


रानजाई
गुरुवार, सकाळी ९.१०

दादा, अॅपही वापरलं होतं. अॅपला ७.११ दिलं तर ते अतिशय अचूकपणे ३.२२५ किलो सांगतं. आपण चुकीचं विचारलंय हे त्याला कळायचं कसं? गुणाकारात आम्ही कुठेच चुकलो नाही, चूक त्याआधीच झाली होती. पौंड आणि औंस वेगवेगळ्या चौकोनांत टाकायची सोय असलेलं अॅप असेल तर जरूर वापरा.


शेरास_सव्वाशेर
गुरुवार, दुपारी १.४५

बाळ रानजाई, मी सांगलीकडचा निवृत्त गणित शिक्षक. जन्म १९४६ चा. तुझी हकीकत वाचून फार वाईट वाटलं, कारण आमच्या पिढीतल्या चौथीच्या पोरालाही ही चूक झाली नसती. आम्ही हुशार होतो असं नाही, आमच्या खिशात आणे होते!

एका रुपयाचे सोळा आणे, एका पौंडाचे सोळा औंस. सात पौंड अकरा औंस म्हणजे सात रुपये अकरा आणे. आता सांग, सात रुपये अकरा आण्यांना कुणी ७.११ रुपये म्हणेल का? चार आणे म्हणजे पावली, आठ आणे म्हणजे अधेली, बारा आणे म्हणजे पाऊण. त्याच चालीने चार औंस पाव पौंड, आठ औंस अर्धा, बारा औंस पाऊण. सात पौंड अकरा औंस म्हणजे पावणेआठला एक औंस कमी, असं डोळ्यांसमोर लगेच येतं.

१ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले, तेव्हा आम्हाला कोष्टक पाठ करावं लागलं. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. अकरा आणे म्हणजे पावणेएकोणसत्तर, व्यवहारात एकोणसत्तर. तुझ्या नवऱ्याने शीटमध्ये ७.६९ टाकलं असतं तर वजन एका ग्रॅमच्या फरकाने बरोबर आलं असतं. ते जुनं कोष्टक औंसांना आजही जसंच्या तसं चालतं. औंसांना १६ ने भागा, येईल तो दशांश पौंडांपुढे लिहा, एवढंच.

वजनं बदलली ती त्यानंतर, ऑक्टोबर १९५८ पासून, आणि तीही एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. वडिलांचं किराणा दुकान होतं. षटकोनी लोखंडी नवी वजनं आली तेव्हा गिऱ्हाईक शेरच मागायचं. सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. वडील एका पारड्यात किलोचं वजन ठेवायचे आणि दुसऱ्यात जुना शेर, मग शेराच्या बाजूला एकेक तोळा टाकत जायचे. सहाव्या तोळ्याला दांडी सरळ व्हायची. "बघ, किलो म्हणजे शेर आणि वर सहा तोळे. तुझं नुकसान नाही," असं ते प्रत्येकाला दाखवायचे. पौंडाला आमच्याकडे रत्तल म्हणत. आणि मणाची गोष्ट तर अशी की मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांच्या वर. नाव एकच, वजन तिप्पट. गावाचं नाव घातल्याशिवाय मण सांगण्यात काही अर्थच नव्हता.

आता सोपी रीत. किलोचे पौंड करायचे तर दुप्पट करा आणि त्या दुपटीचा दहावा भाग तिच्यातच मिळवा. ६४ किलो: दुप्पट १२८, दहावा भाग १२.८, एकूण १४०.८. खरं उत्तर १४१.१. शंभर किलोंमागे अर्ध्या पौंडापेक्षा कमी चूक.

पौंडांचे किलो करायचे तर उलट. निम्मे करा आणि निम्म्याचा दहावा भाग वजा करा. हिरवीवाटताईंचे १५८ पौंड घेऊ. निम्मे ७९, त्यातून ७.९ गेले, उरले ७१.१. इथे चूक थोडी जास्त राहते, म्हणून दर शंभर पौंडांमागे ३६० ग्रॅम परत मिळवायचे. १५८ ला साधारण ५७० ग्रॅम होतात. ७१.६७. त्यांचं उत्तर तेच आहे. पावकी-निमकी पाठ असलेल्या माणसाला याला कागद लागत नाही.


पैलतीर
गुरुवार, संध्याकाळी ७.००

मास्तर, आण्यांचं उदाहरण माझ्या बाबांना वाचून दाखवलं. ते नुसते "अगदी, अगदी" म्हणत होते.

बाबा पुण्याहून आमच्याकडे डॅलसला सहा महिन्यांसाठी आलेत. मधुमेह आहे, म्हणून वही घेऊन आले: रोजची साखर, दर रविवारी वजन. पुण्यातली शेवटची नोंद ७२.१. इथल्या पहिल्या रविवारी काट्यावर उभे राहिले तर १५७.८. ते पौंड आहेत हे त्यांना कळलं, पण वहीत किलो हवेत म्हणून त्यांनी काटा उलटा करून खालचं छोटं बटण दाबलं. परत उभे राहिले, तर ११:३.८! त्यांनी मला हाक मारली, "अरे, काटा बिघडला."

काटा बिघडला नव्हता. ते बटण एकदा दाबलं की स्टोन येतं आणि परत दाबलं की किलो. तिसऱ्यांदा ७१.६ आलं. पाठीवर किलो, पौंड आणि स्टोन अशी तीन छोटी अक्षरं कोरलेली असतात, पण पंचाहत्तरीच्या डोळ्यांना ती कशी दिसणार? मी किलोवर ठेवून बटणावर चिकटपट्टी लावून टाकली.

सांगायचं हे की ७२.१ वरून ७१.६ झालं, ते अर्धा किलो खरंच कमी झालं का? बाबा काळजीत होते. पण काटा वेगळा, पुण्यात सकाळी उपाशीपोटी वजन करायचे आणि इथे न्याहारीनंतर. आम्ही वहीत एक आडवी रेघ मारली आणि तिच्याखाली "इथून डॅलसचा काटा" असं लिहिलं. रेघेवरच्या आकड्यांची खालच्यांशी तुलना करायची नाही, असं त्यांच्या डॉक्टरांनीही सांगितलं.

आणि परत जाताना हाच काटा बॅगा मोजायला लागणार आहे. बाबा बॅग उचलून काट्यावर उभे राहतात आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करतात. २३ किलो म्हणजे ५० पौंड आणि वर थोडं. दोन्ही आकडे एकाच एककात घेतले तरच वजाबाकीला अर्थ, हे आता त्यांना कुणी सांगायला नको.


खलबत्ता
शुक्रवार, सकाळी ६.५०

मी शिकागोत औषधनिर्माता आहे. आतापर्यंत सगळे काळजी आणि गोंधळाबद्दल बोललात. मला त्याच्यापुढचं बोलायचं आहे, कारण लहान मुलांचं औषध वजनावर ठरतं आणि जगभर ते किलोवर ठरतं. अमेरिकेतसुद्धा.

तापाचं साधं पॅरासिटामॉल घ्या (इथे त्याला अॅसिटामिनोफेन म्हणतात). एका वेळची मात्रा दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. २२ पौंडांचं मूल म्हणजे १० किलोचं. त्याला १०० ते १५० मिलिग्रॅम. आता कुणी फोनवर नुसतं "बावीस" सांगितलं आणि ऐकणाऱ्याने किलो समजून हिशेब केला, तर २२० ते ३३० मिलिग्रॅम होतात. एकदम दुपटीच्या वर. आणि हे औषध जास्त झालं तर यकृतावर जातं. उलटी चूकही वाईट, कारण मात्रा निम्म्याहून कमी पडली तर प्रतिजैविकाचा उपयोगच होत नाही.

या चुका इतक्या होतात की इथल्या सुरक्षित औषधवापरासाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१४ पासून सगळ्या रुग्णालयांना सांगितलंय: रुग्णाचं वजन फक्त किलो-ग्रॅममध्ये मोजा आणि तसंच नोंदवा. पालकांना पौंड सांगायचे असतील तर वेगळे सांगा, पण कागदावर पौंड नकोत. मला हे शंभर टक्के पटतं. माझ्याकडे आलेल्या चिठ्ठीवर वजन असेल आणि एकक नसेल, तर मी औषध बाजूला ठेवून आधी फोन करते. गिऱ्हाईक ताटकळतं, चिडतं, तरी करते.

आपल्या लोकांसाठी एक खास धोका. आजी भारतातून येताना ओळखीचं औषध बॅगेत घालून आणतात. भारतात पॅरासिटामॉलचं पातळ औषध ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचं मिळतं, २५० चंही मिळतं आणि तान्ह्यांच्या थेंबांत तर एकाच मिलिलिटरमध्ये १०० असतात. इथलं ५ मिलिलिटरमध्ये १६०. म्हणजे "एक चमचा" या शब्दाला तीन-चार वेगवेगळे अर्थ झाले. त्यात वजनाचा घोळ मिसळला की काय होईल ते सांगायला नको. बाटलीवरचं वाचा, चमच्याऐवजी बाटलीसोबतची पिचकारी वापरा. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरचं काहीही न देता आधी डॉक्टरांना फोन करा.

रानजाई, तुझ्या बाळाच्या वजनाचा आकडा फ्रिजवर लावणार असशील तर किलोतला लाव, आणि आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत "किलो" लिही.


नवी_पहाट
शुक्रवार, सकाळी ९.२५

खूप उपयोगी धागा. मला पाचवा महिना आहे, टोरँटोत असतो. पुस्तकात म्हटलंय गरोदरपणात २५ ते ३५ वाढायला हवं, आणि सासूबाई म्हणतात पंचवीस किलो म्हणजे फारच. ते पौंड आहेत ना?


हिरवीवाट
शुक्रवार, दुपारी १२.१०

हो गं, पौंड. आधीचं वजन उंचीच्या मानाने योग्य असेल तर २५ ते ३५ पौंड, म्हणजे साडेअकरा ते सोळा किलो. आधीच वजन जास्त असेल तर १५ ते २५ पौंड, सात ते साडेअकरा किलो. तुझा आकडा तुझ्या डॉक्टरांकडून घे. सासूबाईंना किलोतला सांग, त्यांची काळजी बरोबरच होती.


उंबरठा
शुक्रवार, दुपारी ३.४०

औंसांचं वाचताना मला उंचीचं आठवलं, आणि तिथे तर आपण सगळेच चुकतो. पाच फूट अकरा इंच असेल तर आपल्याकडे सर्रास ५.११ लिहितात. लग्नाच्या माहितीपत्रकात, पोलीस भरतीच्या चौकशीत, व्यायामशाळेच्या अर्जात. एका फुटात बारा इंच असतात. ५.११ फूट दशांशाने घेतले तर ते पाच फूट सव्वा इंच होतात!

माझ्या धाकट्या भावाने हेच करून बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते दाखवणारा आकडा) काढला. वजन ७५ किलो, उंची ५.११ फूट, म्हणजे १५५.८ सेंटिमीटर. बीएमआय आला ३०.९. आपल्या लोकांसाठी २३ च्या वर वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठ धरतात, त्यामुळे पोरगं हादरलं आणि एक वेळ जेवायला लागलं. खरी उंची १८०.३ सेंटिमीटर, खरा बीएमआय २३.१. पंधरा दिवसांनी आईच्या लक्षात आलं की हा चपाती मोजून खातोय.

पौंड आणि इंचांतच बीएमआय काढायचा असेल तर पौंडांना ७०३ ने गुणून इंचांच्या वर्गाने भागायचं. पाच फूट चार इंच म्हणजे ६४ इंच, १४० पौंड: बीएमआय २४. पण उंची आधी पूर्ण इंचांत आणा. फुटांत टिंब द्यायचंच नाही.


लालमाती
शुक्रवार, रात्री ९.१५

मी कोल्हापूरचा. तालमीत वाढलो, आता पोरांना शिकवतो. आमच्याकडे वजन म्हणजे भाकरी. कुस्तीत गट किलोचे. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं ते ५७ किलोच्या गटात. २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगट ५० किलोच्या गटात १०० ग्रॅम जास्त भरली आणि अंतिम फेरीच्या सकाळी बाद झाली. १०० ग्रॅम म्हणजे साडेतीन औंस. त्या दिवशी आमच्या तालमीत कुणी जेवलं नाही.

बॉक्सिंगवाल्या पोरांचं वेगळं. व्यावसायिक बॉक्सिंगचे गट पौंडांत. वेल्टरवेट १४७ पौंड, म्हणजे ६६.६८ किलो. एक पोरगं ६७ किलोवर खुशीत होतं, "आपण सदुसष्टचेच." म्हटलं, बाबा, सदुसष्ट किलो म्हणजे १४७.७ पौंड, तू बसत नाहीस. तिथे ६६.६ भरलं पाहिजे. अशा ठिकाणी आकडा जवळच्या पूर्ण किलोवर न्यायचा नाही, कायम खालच्या बाजूला न्यायचा.

जिममध्ये बाहेरून आलेल्या तबकड्या पौंडांच्या असतात. ४५ पौंडांची तबकडी २०.४ किलोची, आपली २० ची. दांड्याच्या एका बाजूला ही आणि दुसऱ्या बाजूला ती लावली तर दांडा कलतो. दोन्ही बाजूंची अक्षरं वाचून मगच लावायच्या.


पैलतीर
शनिवार, सकाळी १०.००

एक विचारू? पौंडाचं किलोत नेमकं किती? कुणी २.२ घेतं, कुणी २.२०५, कुणी ०.४५, शीटमध्ये ०.४५३६. खरं कुठलं?


नट_बोल्ट
शनिवार, सकाळी ११.५०

खरं एकच आहे, आणि ते सोयीसाठी ठरवून घेतलेलं आहे: १ पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो, ना कमी ना जास्त. १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून हा आकडा मान्य केला. अमेरिकेने तर १८९३ सालीच आपला पौंड किलोवरून ठरवायला सुरुवात केली होती. त्यामुळे अमेरिकेतल्या काट्यावरचा पौंड मुळात किलोच्याच आधाराने उभा आहे.

किलोचा स्वतःचा आधार म्हणजे पॅरिसजवळ ठेवलेला धातूचा एक ठोकळा होता. त्याची ५७ क्रमांकाची प्रत आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून किलो ठोकळ्याऐवजी निसर्गातल्या एका स्थिरांकावरून, प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो.

आता तुमच्या कामाचं. मोठ्या माणसाच्या वजनाला २.२ पुरतो. ७० किलोला १५४ येतात, खरे १५४.३. घरचा काटाच ०.२ पौंडांच्या टप्प्यांनी वाचतो, त्यामुळे त्याहून बारीक हिशेबाला अर्थ नाही. पण एक पथ्य पाळा: काट्याने दिलेला मूळ आकडा जपा आणि रूपांतर एकदाच करा. किलोचे पौंड, त्याचे पूर्णांक, त्याचे परत किलो, मग स्टोन, असं फिरवत नेलं की दर वळणावर थोडं थोडं सांडत जातं.

माझं शिक्षण यंत्रांचं, म्हणून एक घटना सांगतो. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं एक बोइंग ७६७ मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं. कॅनडा तेव्हा नुकताच मेट्रिककडे वळत होता. विमानाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. लिटरवरून वजन काढताना एका लिटरला १.७७ हा आकडा धरला, आणि तो पौंडांचा होता. किलोचा ०.८ च्या आसपास असतो. टाकीत होतं ते २२,३०० पौंड, म्हणजे निम्म्याहून कमी. ४१,००० फुटांवर असताना इशारे वाजू लागले आणि मग एकेक करून दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन पिअर्सन आणि सहवैमानिक क्विंटल यांनी विमान नुसतं तरंगत आणून गिमली नावाच्या गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. कुणाचाही जीव गेला नाही. खलबत्ताताई चिठ्ठीवर एकक नसलं की फोन करतात, तो फोन त्या दिवशी कुणी केला नाही.


शेरास_सव्वाशेर
शनिवार, दुपारी २.३०

नट_बोल्ट, सहवैमानिकाचं आडनाव क्विंटल! वाचता वाचता थांबलो.

माझी सून मिरजेजवळ अंगणवाडीत सेविका आहे. तिला धागा दाखवला. ती म्हणाली, आमच्याकडे झोळीत बाळ ठेवून लटकवायचा काटा असायचा, त्याच्या तबकडीवर किलोच. तिची सगळी धडपड एका रेषेभोवती असते: जन्माला अडीच किलोच्या खाली म्हणजे बाळ कमी वजनाचं, लक्ष जास्त. पौंडांत जवळजवळ साडेपाच, पाच पौंड आठ औंस. पण काही आज्या "साडेपाच भरलं" असं सांगतात आणि बिनघोर असतात, कारण त्यांच्या कानाला साडेपाच मोठं वाटतं. तेव्हा ती आलेखाचा कागद काढून आजीच्या बोटाने ती रेषा दाखवते.


रानजाई
रविवार, रात्री ९.००

सगळ्यांचे मनापासून आभार. शीट नवऱ्याने नव्याने केली. पौंड आणि औंस आता वेगळ्या रकान्यांत आहेत, औंसांच्या रकान्यात १५ च्या वरचा आकडा घेतच नाही, आणि डॉक्टरांच्या कागदावर ग्रॅम दिलेले असतील तर तेच थेट लिहायचे असं ठरवलंय. वरचं दूध डॉक्टरांशी बोलून बंद केलं. खलबत्ताताई, फ्रिजवर कागद लागला, "किलो" ठळक अक्षरांत.

शुक्रवारी तपासणी झाली. सव्वाचार किलो भरली. आईला लगेच फोन करून सांगितलं, "आई, सव्वाचार किलो." ती दोन क्षण गप्प राहिली, मग म्हणाली, "चांगलं आहे गं. पण पौंडात किती?"


शेरास_सव्वाशेर
रविवार, रात्री ९.२०

नऊ रुपये सहा आणे.